झडती

पुण्याहून डबे आले ते दुपारच्या एसटीनं,
कंडक्टरच्या पायाशी, द्राक्षाच्या कलमांशेजारी.
पाच रिळं. पावतीवर सहा लिहिलेली.
अभोणकर सर म्हणाले, चालायचंच,
फ्रेंच माणूस एवढा स्पष्ट बोलतच नाही
की एका रिळानं काही अडावं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चाळीस खुर्च्या,
सतरा माणसं, खिडक्यांना कांबळी,
आणि मी, चिटणीस, हातात टिपण:
प्रकाशयोजना, युद्धोत्तर पॅरिस, नियती वगैरे.
वाचून होईस्तोवर पंख्यानं दोनदा मान टाकली.

शेजारी येऊन बसले दौलतराव गायधनी,
नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून गेल्याच महिन्यात सुटलेले.
सुटलेले, हा शब्द त्यांचाच.
पोरानं वर्गणी भरली होती, वाया कशाला घालवा.
"खालची अक्षरं मला झेपत नाहीत," म्हणाले,
"वाचायला गेलो की वरचा माणूस निघून जातो.
मी आपला हात बघतो."

पडद्यावर धुकं, ओले दगड, एक ट्रक.
चार माणसं बँकेची भिंत पोखरतात
बावीस मिनिटं, शब्द न बोलता.
तो म्हातारा नट,
ज्याचं नाव मला उच्चारता येत नव्हतं
आणि तरी टिपणात मी तीनदा घेतलं होतं,
छिन्नीवर फडकं गुंडाळतो
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं.
गायधनी पुढं सरकले.
"हा कामाचा माणूस."

मग नोटा मोजायचा प्रसंग.
तरणा, देखणा नट अंगठा ओला करतो, भराभर मोजतो,
आमचे सगळ्यांचे श्वास अडकलेले,
आणि शेजारून हळूच: "खोटं.
नोटेकडं बघून कुणी मोजत नाही.
बोटं मोजतात. डोळे तिसरीकडंच असतात."

मग आली हातमोज्यांच्या दुकानातली बाई.
म्हाताऱ्याची कोण, ते सिनेमा सांगत नाही.
गल्ल्यातून सुट्टे काढते,
नजर दारातल्या फौजदारावर,
बोटं आपली चालू.
"ही मोजतीय," गायधनी म्हणाले
आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसले.

"तो फुटणार."
कोण? तर तो जाडा, सगळ्यांना हसवणारा,
ज्याच्यावर माझ्या टिपणात एक ओळ नव्हती.
"श्वास खांद्यातनं घेतोय.
खिशात काही असलं की श्वास पोटात उतरत नाही.
एकतीस वर्षं गेटवर झडतीच्या रांगेत उभा राहिलोय,
पुढच्याच्या पाठीकडं बघत."

चौथं रीळ नव्हतंच. जाडा फुटला तो त्यातच असणार,
कारण पाचव्यात टेबलाभोवती एक खुर्ची कमी.
लोक एकमेकांना विचारू लागले.
गायधनींचं काही हुकलं नव्हतं.

शेवटी रेल्वेचा फलाट. फौजदार येतो,
दमलेला, पिस्तुलाला हात न लावता
म्हाताऱ्याच्या कोटाची कॉलर नीट करतो.
म्हातारा पेटी खाली ठेवतो
आणि हात वर नाही, आडवे करतो,
सावकाश, अंग सैल सोडून,
कुणी न सांगता.

अंधारात माझ्या खांद्याला काही लागलं.
गायधनींचा हात.
दुसरा पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर,
दोन्ही तळवे उघडे,
डोळे पडद्यावर.
मी अंग चोरून बसलो, जागा दिली.

दिवे लागले तेव्हा ते चष्मा पुसत होते.
"बरा होता. आधी कुठं कामाला होता तो?"
मी म्हणालो, रंगभूमीवर.
"नाही," गायधनी म्हणाले. "त्याच्या आधी."

हरवलेलं रीळ अकरा दिवसांनी आलं, एकटंच,
आडगाव नाक्यावर कुणीतरी उतरवून ठेवलेलं.
परत पाठवण्याआधी मी हातभर पट्टी ओढून
खिडकीच्या उजेडात धरली.
चौकटीमागून चौकट तो जाडा,
नखाएवढा, तोंडभर हसत,
खांदे वर.

मी माझे खाली घेतले.